पोस्टकार्ड पाठपोट ठेवा

मुंबईतील संग्रहालये, ग्रंथालये आणि अभिलेखागारांचे विश्वस्त, संचालक व अभिरक्षक यांस,

स. न. वि. वि.

एका पोस्टकार्डापासून सुरुवात करते. माझ्या सरांच्या वहीत त्याचा क्रमांक ३१७ आहे. पुढच्या बाजूला व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. घुमट, कमानी, समोर जवळजवळ रिकामा रस्ता आणि कडेला उभी एक घोडागाडी. घुमटाच्या डाव्या अंगाला, वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीवर टाकाने केलेली बारीक फुली आहे. शाई आता चहाच्या डागासारखी तपकिरी झाली आहे. कार्ड उलटले की सातव्या एडवर्डचे तिकीट दिसते, राजापूरच्या बाजूच्या एका गावाचा पत्ता दिसतो, आणि डाव्या अर्ध्या भागात मोडीत दाटीवाटीने लिहिलेल्या सहा ओळी. मुलाने वडिलांना कळवले आहे की रेल्वेच्या कचेरीत रुजू झालो, खानावळीची सोय लागली, पहिला पगार झाला की मनिऑर्डर करतो. आणि चित्रात जिथे फुली केली आहे त्या खिडकीच्या आत माझी बसायची जागा आहे, आईला दाखवावी.

या सहा ओळी वाचता याव्यात म्हणून सर वयाच्या बावन्नाव्या वर्षी मोडी शिकले.

सर गेल्या वर्षी गेले. ते चित्रकार होते आणि छपाईच्या इतिहासाचे अभ्यासक होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, पुढे आयुष्यभर चित्रकला शिकवली, आणि चाळीसेक वर्षे जुन्या मुंबईची पोस्टकार्डे जमवली. नाव लिहू नकोस, असे काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला बजावले आहे, म्हणून लिहीत नाही. काकू राहतात ती इमारत पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीनंतर जागा रिकामी करायची आहे आणि पुढची काही वर्षे त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात काढणार आहेत. तिथे चौदा अल्बम, अकरा वह्या आणि रेखाटनांच्या सहा मोठ्या फायली मावणार नाहीत. हा संग्रह मुंबईतल्याच एखाद्या सार्वजनिक संस्थेने घ्यावा, पण जसा आहे तसा, अख्खा घ्यावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र आहे. ‘अख्खा’ या शब्दावर माझा एवढा भर का, ते आता सांगते.

तीन वर्षांपूर्वी, सर हयात असताना, त्यांनी नमुन्यादाखल चाळीस कार्डे एका संस्थेला डिजिटायझेशनसाठी दिली होती. संस्थेचे नाव घेत नाही. माझे भांडण कुणा एकाशी नाही. कार्डे वेळेवर परत आली, व्यवस्थित परत आली. सोबतच्या पेनड्राइव्हवर चाळीस चित्रे होती. चाळीसच. म्हणजे प्रत्येक कार्डाची फक्त पुढची बाजू. कडा कापून सारख्या केलेल्या, कागदाचा पिवळेपणा घालवलेला, रंग जरा उजळलेले. सरांनी ३१७ क्रमांक उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. खिडकी स्वच्छ होती. फुली नव्हती. कुणीतरी ती डाग समजून पुसली होती.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, “अगं, यांनी माणूसच पुसला की.”

मी स्वतः छपाईआधीच्या कामात तीस वर्षे काढली. स्कॅनिंग, रंगदुरुस्ती, रिटचिंग हेच माझे पोट. तशी फुली पुसायला अर्धे मिनिट लागते आणि ती पुसणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला सांगितलेच असेल की चित्र चांगले दिसले पाहिजे. कार्डाला पाठ असते आणि पाठ वाचल्याशिवाय पोट कळत नाही, हे त्याला सांगायचे काम ज्यांचे होते त्यांनी ते सांगितले नव्हते. आपल्याकडे कागद दोन्ही बाजूंनी भरलेला असला की आपण पाठपोट लिहिलाय म्हणतो. पोस्टकार्ड ही जन्मतःच पाठपोट वस्तू आहे.

आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक असेल, तरी जे ठरावावर सही करतात त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगते. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. ते साधे, सरकारी, चित्र नसलेले. चित्रांची कार्डे आपल्याकडे रुळली ती एकोणिसावे शतक सरता सरता. सुरुवातीच्या कार्डांवर मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखीव असे, त्यामुळे मजकूर लिहायचा तो चित्राच्या कडेला उरलेल्या पांढऱ्या पट्टीत, नाहीतर थेट आकाशात. इंग्लंडच्या टपाल खात्याने १९०२ साली पाठीमागे मधोमध रेघ मारून डावी बाजू मजकुराला मोकळी करून दिली, आणि हळूहळू इतर देशांनी तेच केले. म्हणून नुसती पाठ पाहूनही कार्डाच्या वयाचा अदमास येतो. सरांकडे जी रेघेआधीची कार्डे आहेत, त्यांत राजाबाई टॉवरच्या भोवतीच्या आभाळात कुणीतरी इंग्रजीत उन्हाळ्याची तक्रार केली आहे. ते आभाळ ‘स्वच्छ’ केले की काय उरेल, ते आपणच ठरवा.

मुंबईची कार्डे कोण छापत होते? इथले क्लिफ्टन आणि कंपनी होते, फोटोटाइप कंपनी होती, लंडनचे राफाएल टक होते. टकने १९०३ मध्ये ‘ऑइलेट’ नावाची तैलचित्रासारखी दिसणारी मालिका काढली, तिच्यात मुंबईही आहे. पुष्कळ कार्डांचा फोटो मुंबईत काढलेला असे आणि छपाई मात्र जर्मनीत व्हायची. फोटो काळापांढरा, आणि रंग भरणाऱ्याने मुंबई कधी पाहिलेली नसायची. सरांच्या चौथ्या अल्बममध्ये अपोलो बंदराची, म्हणजे आज गेटवे ऑफ इंडिया आहे तिथली, दोन कार्डे शेजारी शेजारी लावली आहेत. एकच निगेटिव्ह, तीच माणसे, त्याच जागी. एका कार्डावर पुढच्या बाईचे लुगडे लाल आहे, दुसऱ्यावर हिरवे. एकात समुद्र निळाशार, दुसऱ्यात पोपटी. सरांनी भिंग लावून दोन्ही तपासली: एकावर हाफटोन या छपाईच्या रीतीचे ठिपके रांगेत बसलेले दिसतात, दुसऱ्यावर कोलोटाइप या दुसऱ्या रीतीची वळवळणारी, रवाळ पोत दिसते. म्हणजे दोन वेगळी छपाई, दोन वेगळे कारखाने, बहुधा दोन वेगळी वर्षे. त्या पानाखाली सरांनी स्वतः बंदरावर जाऊन केलेला जलरंगाचा छोटा अभ्यास डकवला आहे, सकाळी साडेसातचा. त्यात पाणी करडे आहे, किंचित गढूळ. मुंबईचे पाणी जसे असते तसे.

हा जो तिसरा तुकडा आहे, तो चित्रकाराचा आहे. आधीचे दोन ओळखून शेजारी लावणारा अभ्यासक होता. एकाच माणसात दोघे असल्यामुळे हे पान तयार झाले.

आणि याच विषयात एक मराठी चित्रकार आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले, १८९० मध्ये जे. जे.त शिकायला आलेले आणि पुढे तिथेच आयुष्यभर शिकवलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली, मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची. कॅमेऱ्याच्या कार्डांत माणूस इमारतीचा आकार कळावा म्हणून उभा असतो. धुरंधरांच्या कार्डांत इमारत कुठेतरी मागे राहते आणि माणसाची चाल, पदर, खांद्यावरचे ओझे पुढे येते. सर म्हणायचे की मुंबईच्या स्थळांची कार्डे धुरंधरांच्या कार्डांसोबत पाहिली नाहीत तर शहर निर्मनुष्य वाटते. मळवलीच्या रविवर्मा छापखान्याची कार्डेही त्यांनी याच हेतूने शेवटच्या दोन अल्बममध्ये ठेवली.

संग्रहाचा गाभा मात्र स्थळांचाच आहे, आणि त्यात माझे मन फार रमते. सरांनी वहीत प्रत्येक कार्डासाठी रकाने आखले होते: स्थळ, प्रकाशक, छपाईची रीत, टपालाचा शिक्का, मजकूर, चित्रात काय दिसते, कॅमेरा कुठे उभा होता, आज तिथे काय आहे. यातला ‘कॅमेरा कुठे उभा होता’ हा रकाना भरायला ते प्रत्यक्ष जात. रविवारी पहाटे, गर्दी व्हायच्या आधी. मी कैकदा सोबत गेले आहे. खिशात कार्डाची झेरॉक्स, हातात स्केचबुक. दोन इमारतींच्या कडा कार्डात जशा एकमेकींवर येतात तशा येईपर्यंत ते मागेपुढे सरकत, एकदा तर फ्लोरा फाउंटनपाशी बसवाल्याने त्यांच्यावर खेकसून हॉर्न वाजवला. जागा सापडली की तिथूनच पेन्सिलीने रेखाटन. रेखाटनावर कार्डाचा क्रमांक. म्हणजे कार्ड, वहीतली ओळ आणि रेखाटन, तिन्ही एका क्रमांकाने बांधलेली.

अशा तपासणीतून किती निघते पाहा. रस्त्यात ट्राम घोड्याची असेल तर कार्डाचा फोटो जुना, कारण मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली आणि विजेची १९०७ मध्ये आली. डबलडेकर ट्राम दिसली तर फोटो १९२० नंतरचा. ताजमहाल हॉटेल आहे आणि समोर गेटवे नाही, असे कार्ड असेल तर ते हॉटेल उघडल्यानंतरचे, म्हणजे १९०३ नंतरचे, आणि गेटवे उभे राहण्यापूर्वीचे. गेटवेची पायाभरणी १९११ मध्ये झाली तरी उद्घाटनाला १९२४ चा डिसेंबर उजाडला. सरांकडे या मधल्या काळातली सतरा कार्डे आहेत. ओळीने लावली की अपोलो बंदराचा किनारा हळूहळू आपल्या ओळखीचा होत जातो.

राजाबाई टॉवरवरून पश्चिमेकडे घेतलेले एक दृश्य आहे. ओव्हल मैदान, त्यापलीकडे रेल्वेचा रूळ, आणि रुळाला जवळजवळ चिकटून समुद्र. आज त्या जागी उभे राहिले तर समुद्र दिसण्याआधी इमारतींच्या रांगांवर रांगा लागतात, कारण बॅक बेची भरणी झाली, मरीन ड्राइव्ह झाला. ओव्हलच्या दोन बाजूंच्या या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातली आर्ट डेकोची बाजू या कार्डात नाहीच. तिथे ओहोटीचा चिखल आहे. सरांनी वहीत लिहिले आहे की कॅमेरा टॉवरच्या कुठल्या सज्जात असावा आणि सावलीवरून वेळ दुपारी तीनच्या पुढची का वाटते.

काळा घोडा. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये बसला आणि १९६५ मध्ये हलवला. नाव मात्र चौकाला चिकटले ते चिकटलेच. माझ्या भाचीला हे कार्ड दाखवले तेव्हा तिने सरळ विचारले, “म्हणजे खरंच घोडा होता?” आणि विक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा, गॉथिक छत्रीखाली बसलेला. पर्यटकांनी विलायतेला पाठवण्याचे हे अगदी आवडते दृश्य. १८९६ च्या ऑक्टोबरात चापेकर बंधूंनी याच पुतळ्याला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातली होती. कार्डाच्या पुढच्या बाजूला त्याचा मागमूस नाही, राणी शुभ्र आहे. सरांनी वहीत त्या प्रसंगाची नोंद करून खाली लिहिले आहे की दगडावर काळपट छटा दिसते का ते भिंगाने पाहिले, दिसत नाही, पण छपाईत अशा छटा भरून काढत. आज तो पुतळाही आणि काळा घोडाही भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी आहेत. म्हणजे पुतळे जपले गेले. ते जिथे उभे होते तिथले दृश्य, त्यांच्याकडे कोण कसे बघत होते, ते कार्डांत आहे.

सर गेल्यावर काकूंनी आणि मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी दुसऱ्या एका संस्थेकडे गेलो. तिथल्या बाईंनी आपुलकीने सगळे पाहिले, चहा दिला, आणि सांगितले की रेखाटने कलाविभाग घेऊ शकेल, त्यातली निवडक; कार्डे तिकिटांच्या आणि नाण्यांच्या कपाटात जातील, पण ज्यांची प्रत आधीच आहे ती नकोत; आणि वह्या ‘वैयक्तिक कागदपत्रे’ असल्याने त्या घरीच ठेवाव्यात. वाईट वाटण्याजोगे त्या काहीच बोलल्या नाहीत. नियमाप्रमाणे बोलल्या. पण त्या नियमाने क्रमांक ३१७ चे तीन तुकडे तीन ठिकाणी गेले असते आणि तिन्ही मुके झाले असते.

प्रत आधीच आहे, या मुद्द्यावर मला अंमळ थांबायचे आहे, कारण तो मी आतापर्यंत चार ठिकाणी ऐकला. छापील वस्तूच्या हजारो प्रती असतात, मग जागा कशाला अडवायची? पुढच्या बाजूपुरते हे खरे आहे. पण एकदा कार्डावर तिकीट लागले, शिक्का बसला, कुणाच्या तरी हातची चार अक्षरे पडली, की त्याची दुसरी प्रत जगात नसते. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गोदीतून मेसोपोटेमियाला निघालेल्या शिपायांनी पाठवलेली कार्डे आहेत. मुंबई आणि एडनच्या दरम्यान बोटीवरच टपाल वर्गवारी करणाऱ्या समुद्री टपाल कचेरीचा शिक्का असलेली कार्डे आहेत. त्यांच्या पुढच्या बाजूला तेच टर्मिनस, तेच ताज, तोच टॉवर. प्रत आधीच आहे म्हणून ती नाकारायची असतील तर मग तुमच्या अभिलेखागारातली रजिस्टरेही कोरी असताना एकसारखीच असतात, त्यांचा कागदही एकाच गिरणीतला असतो.

व्यापाऱ्यांचे बरे असते, त्यांना पाठ कळते. एक जण दोनदा घरी येऊन गेला. त्याला फक्त पन्नास कार्डे हवी होती, कुठली ते त्याने चिठ्ठ्या घालून ठेवले होते, आणि रक्कम अशी सांगितली की काकू क्षणभर गप्प झाल्या. भाड्याच्या घरात जाणाऱ्या बाईला ती रक्कम नको असते असे मी म्हणणार नाही. काकूंनी नको म्हटले. नंतर मी त्याच्या चिठ्ठ्या काढताना पाहिले, एक चिठ्ठी ३१७ वर होती. फुलीमुळेच.

संग्रह अख्खा घेणे ही काही जगावेगळी मागणी नाही. वॉकर इव्हान्स हा अमेरिकेतला मोठा छायाचित्रकार लहानपणापासून पोस्टकार्डे जमवत असे. त्याची सुमारे नऊ हजार कार्डे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याच्या इतर कागदपत्रांसह आहेत, त्याने स्वतः लावलेल्या विषयवार विभागणीसकट. एखादा कलावंत वस्तूंना कुठल्या क्रमाने लावतो, हे त्याचे काम असते, हे त्यांनी ओळखले. आणि एवढ्या लांब कशाला जा? पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, दारांच्या चौकटी घरोघर हिंडून गोळा केल्या. अडकित्ता ही तेव्हा कुणाला संग्रहालयात ठेवायची वस्तू वाटत होती? १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाने स्वीकारला आणि आज राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिल्याशिवाय पुणे पाहिले असे कुणी म्हणत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही (तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स) इमारत लोकांसाठी खुली होण्याच्या आधीच, १९१५ मध्ये, पुरुषोत्तम विश्राम मावजी यांचा संग्रह घेतला होता. एका माणसाच्या ध्यासातून जमलेले सार्वजनिक करायची आपल्याकडे रीत आहे. ती पोस्टकार्डालाही लागू करा, एवढेच.

अडचणी आहेत, त्या मला दिसतात. माणसे कमी आहेत, पदे भरली जात नाहीत, कपाटे भरलेली आहेत, पावसाळ्यात गळते. म्हणून जे काम माझ्या आवाक्यात आहे ते मी करून देते. सगळी कार्डे मी पाठपोट स्कॅन करेन, एकाच मापात, कडा न कापता, शेजारी रंगपट्टी ठेवून, आणि मूळ फाइलला हात न लावता. प्रदर्शनासाठी उजळ प्रत हवी असेल तर ती वेगळी काढावी, आणि वेगळी म्हणून नोंदवावी. डाग, फुली, घडी, कसरीने खाल्लेला कोपरा, सगळे मूळ फाइलमध्ये राहील. मोडी मजकुराचे सरांनी केलेले देवनागरी लिप्यंतर वहीत आहे, ते मी टंकून देईन. काकूंचा त्याला हातभार आहे. सरांचे अक्षर शेवटी शेवटी फार बारीक झाले होते, ते काकूंशिवाय कुणाला लागत नाही. काकू पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या वर्षी करू म्हणून ठेवण्यासारखे नाही.

जपणुकीचेही सांगते, कारण सुरुवातीचे काही अल्बम सरांच्या हातून चुकले होते आणि ते त्यांनी स्वतः मला दाखवले. पहिल्या तीन अल्बमची पाने चिकट फिल्मची आहेत, बाजारात लग्नाच्या फोटोंसाठी मिळतात तशी. त्यांनी काही कार्डांची पाठ कायमची पिवळी केली. प्लास्टिकच्या पाकिटांतही पीव्हीसीची पाकिटे मुंबईच्या दमटपणात घाम धरतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिस्टरची लागतात, आणि मागे आम्लमुक्त कागद. चौथ्या अल्बमपासून सरांनी कोपऱ्यांच्या कागदी खाचा वापरल्या. कार्ड काढून उलटता येते. दर श्रावणात काकू कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या बदलत, डांबरगोळ्या सरांना चालत नसत. इतकी वर्षे गिरगावातल्या घरात, वाऱ्यावर आणि वेखंडावर टिकलेली कार्डे आपल्या वातानुकूलित खोलीत सहज टिकतील. त्या तीन अल्बममधून कार्डे सोडवायला मात्र कागदाच्या जतनाचे शिक्षण घेतलेले माणूस हवे. तिथे मी हात घालणार नाही, आणि कुणा हौशी माणसाला घालू देऊ नये.

माझ्या मागण्या एवढ्याच: अल्बम मोडू नयेत, वह्या आणि रेखाटने कार्डांबरोबर एकाच नोंदीखाली राहावीत, नोंदी मराठीतही असाव्यात, आणि एखाद्या विद्यार्थ्याने मागितले तर त्याला कार्ड हातात घेऊन उलटून पाहता यावे. काचेच्या पेटीत ठेवलेले कार्ड अर्धेच असते. यापैकी काहीच लेखी अट म्हणून घालायचे नाही, असे काकूंचे मत आहे. देणगीला अटी घातल्या की देणगी राहत नाही, असे त्या म्हणतात. मी त्यांच्याइतकी मोठ्या मनाची नाही. मला लेखी हवे आहे.

आणखी एक. हा संग्रह पुरा नाही, आणि सरांना ते सलत असे. फोर्टातल्या, मलबार हिलच्या कार्डांचे ढीग आहेत, पण ज्या गिरगावात सर जन्मले त्याची कार्डे त्यांना अवघी नऊ मिळाली, आणि परळ-लालबागच्या गिरण्यांची दोन. कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांना आणि कार्ड विकत घेणाऱ्यांना जे दाखवावेसे वाटले ते छापले गेले. वहीच्या शेवटच्या पानांवर सरांनी एक यादी केली आहे: जी कार्डे असायला हवी होती आणि कधी दिसली नाहीत अशा जागांची. ती यादीही संग्रहाचाच भाग समजावी. आपल्या तळघरात, न उघडलेल्या खोक्यांत यातले एखादे असेलही. कुणी शोधायला बसले तर सरांची यादी हाताशी असावी.

आपल्यापैकी ज्यांना यात रस आहे त्यांनी दिवाळीपूर्वी कळवावे. अल्बम घरीच बघायला यावे, तेवढ्यासाठी काकूंनी जेवणाचे मोठे टेबल रिकामे ठेवले आहे. खिडकीपाशी उजेड चांगला येतो. येताना भिंग आणायची गरज नाही, सरांचे तीन आहेत. ३१७ क्रमांक सातव्या अल्बममध्ये, उजव्या पानावर, वरून दुसरा आहे. खाचेतून अलगद काढून उलटून पाहावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सरांची एक विद्यार्थिनी